सकाळी गड, दुपारी लेणी: देवगिरी–खुलताबाद–वेरूळ एका दिवसात, गाइडसोबत

वेरूळला मी आतापर्यंत तीनदा गेले. पहिल्या वेळी मंगळवार होता. डोंबिवलीहून रात्रभर प्रवास करून, दोन मुलं आणि आईला घेऊन लेण्यांच्या फाटकाशी पोहोचलो तर फाटकाला कुलूप. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. हे मला सोडून बाहेरच्या पेरूवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या वेळी वार बरोबर होता, पण क्रम चुकला. सकाळी आठला लेण्यांत शिरलो, दुपारी दीडला देवगिरीच्या पायथ्याशी. एप्रिलचा महिना, काळा दगड, डोक्यावर ऊन. आई खंदकापाशीच बसली, धाकटा रडायला लागला आणि गड न बघताच आम्ही परत फिरलो. तिसऱ्या वेळी आधीच गाइड ठरवला होता. त्यांनी फोनवरच आमचा बेत उलटा केला. म्हणाले, "ताई, लेणी पश्चिमेकडे तोंड करून बसलीत. सकाळी ती सावलीत झोपलेली असतात. सकाळी गड चढा, दुपारनंतर लेण्यांत या, तेव्हा ऊन आत येतं."

त्या एका वाक्याने दिवस वाचला. खाली लिहिलंय ते सगळं त्या वाक्याभोवतीच फिरतं. पहिल्यांदाच जाणार असाल, घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल, तर उपयोग होईल.

१. सुट्टी टाकण्याआधी वार बघा

वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. दोन्हीकडे जायचं असेल तर बुधवार ते रविवारमधले कुठलेही दोन दिवस धरा.

वाराची आणखी एक भानगड आहे, ती बंद फाटकाची नाही, गर्दीची. घृष्णेश्वर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. त्यामुळे श्रावणातल्या सोमवारी आणि महाशिवरात्रीला वेरूळ गावात गाडी शिरणंसुद्धा मुश्किल. वाटेतल्या खुलताबादला भद्रा मारुती आहे, तिथे शनिवारी गर्दी. श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला तर संभाजीनगरहून लोक रात्रीच चालत निघतात. दर्शनासाठीच जाणार असाल तर त्या गर्दीतही मजा आहे. लेणी निवांत बघायची असतील तर हे दिवस टाळा.

ऋतूचं म्हणाल तर डिसेंबर-जानेवारीची हवा सगळ्यांत छान, पण तेव्हाच शाळांच्या सहली येतात. कैलासाच्या, म्हणजे वेरूळच्या १६ नंबरच्या लेण्याच्या, अंगणात एकाच वेळी तीन शाळांची पोरं शिट्ट्या मारत असतील तर गाइडचं काही ऐकू येत नाही. माझं मत विचाराल तर ऑगस्ट-सप्टेंबर. डोंगर हिरवागार असतो, वेळगंगेला पाणी असतं आणि २९ नंबरच्या लेण्याशेजारी धबधबा कोसळत असतो. मात्र पावसात दगड शेवाळतो आणि धबधब्याकडची वाट बऱ्याचदा बंद ठेवतात. एप्रिल-मे शक्यतो नको. आईला विचारा.

२. अजिंठा आणि वेरूळ एका दिवसात? नको

"एका दिवसात अजिंठा-वेरूळ" असं सांगून गाडी विकणारे भेटतील. आमच्या शेजाऱ्यांनी ती घेतली. वेरूळ शहरापासून ३० किलोमीटरवर, अजिंठा साधारण १०० किलोमीटरवर आणि तेही दुसऱ्या दिशेला. शेजाऱ्यांनी दिवसभर खिडकीतून जळगाव रोड पाहिला आणि कैलास पंचवीस मिनिटांत उरकला.

अजिंठ्याला वेगळा दिवस द्या. ती वाघुर नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावरची दरी आहे. समोरच्या टेकडीवरच्या व्ह्यू पॉइंटवरून ती दरी एकदा पाहिली नाही तर लेणी कुठल्या जागी कोरलीत हेच कळत नाही. १८१९ साली शिकारीला आलेल्या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली ती याच दरीतून. तिथे खासगी गाड्या फर्दापूरच्या फाट्यावर थांबवतात आणि पुढचे ४ किलोमीटर एसटीच्या बसने जावं लागतं. एवढं लक्षात ठेवा; बाकी अजिंठ्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

या लेखातला दिवस असा: संभाजीनगर – देवगिरी, म्हणजे दौलताबादचा किल्ला (१५ किमी) – खुलताबाद – घृष्णेश्वर – वेरूळ लेणी – परत. सगळं एकाच रस्त्यावर.

३. गाइड कसा निवडायचा

गाइड कशाला, पाटी वाचू की, असं मलाही वाटायचं. वेरूळला पाट्या आहेत, पण पाटी सांगते ते असं: "लेणे क्र. १५, दशावतार." आत भिंतीवर कोण कोणाला मारतंय, का मारतंय आणि ते शिल्प तिथेच का आहे, हे पाटी सांगत नाही.

परवाना असलेल्या गाइडच्या गळ्यात फोटोचं ओळखपत्र असतं. तिकीट खिडकीजवळ "गाइड पाहिजे का" म्हणत मागे लागणाऱ्यांपैकी काहींकडे ते असतं, काहींकडे नसतं. संकोच न करता दाखवायला सांगा. खरा गाइड अजिबात रागावत नाही, उलट खूश होतो. सर्वांत बरं म्हणजे दोन-तीन दिवस आधी फोनवर ठरवणं. हॉटेलवाल्याकडे किंवा पर्यटन कार्यालयात परवानाधारक गाइडांचे नंबर मिळतात. सकाळी सातला गडाच्या दारात गाइड हवा असेल तर आधी ठरवण्याशिवाय इलाजच नाही. त्या वेळी तिथे कुणी उभं नसतं.

फोनवर या गोष्टी विचारून घ्या:

- अर्धा दिवस की पूर्ण दिवस, आणि पूर्ण दिवसात गड धरलाय की फक्त लेणी?
- पैसे माणशी की गटाचे? किती माणसांपर्यंत तोच दर?
- मराठीतून सांगणार ना? (हे विचाराच. हिंदीत पाठ झालेलं भाषण मराठीत तुटक-तुटक करून सांगणारे असतात.)
- गाडीत आमच्याबरोबर येणार की स्वतःच्या दुचाकीवर?
- जेवणाचं काय?

आणि एक छोटी परीक्षा. "कैलास लेण्याखाली गुप्त शहर आहे म्हणतात, खरं का?" असं भोळेपणाने विचारा. इंटरनेटवर परग्रहवासीयांनी कैलास कोरला असल्या चित्रफितींचा सुळसुळाट आहे. जो गाइड डोळे मोठे करून "हो हो, भुयार आहे, सरकारने बंद केलंय" म्हणेल, त्याला नमस्कार करा. आमचे गाइडकाका हसले आणि त्याऐवजी कोकस नावाच्या शिल्पकाराची दंतकथा सांगितली. राणीने पण केला की कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. मग पैठणच्या कोकसाने डोंगराच्या माथ्यापासूनच कोरायला सुरुवात केली, म्हणून आठवड्यात कळस दिसला. सांगताना "ही दंतकथा हं" असं त्यांनी दोनदा बजावलं. असा गाइड हवा.

४. गाडी ठरवताना

चार-पाच जण असाल तर दिवसभराची गाडी परवडते. एकटे-दुकटे असाल तर मध्यवर्ती बसस्थानकावरून वेरूळमार्गे जाणाऱ्या एसटी भरपूर आहेत. एसटीची वेरूळ दर्शन बस अधूनमधून चालू असते, ती त्या हंगामात आहे का ते तिथेच चौकशी खिडकीवर विचारा. तिचा क्रम मात्र ठरलेला असतो, तुमच्या आईच्या गुडघ्यांसाठी ती थांबत नाही.

गाडीवाल्याशी बोलताना मुख्य सापळा दुकानांचा. "मॅडम, दोन मिनिटं हिमरू बघून घ्या, घ्यायचंच असं नाही." हिमरू ही खरोखर इथली जुनी विणाई, सुती-रेशमी, आणि चांगली हिमरू शाल घ्यायला माझी ना नाही. पण ड्रायव्हर नेतो त्या दुकानात त्याचं कमिशन असतं आणि दोन मिनिटांचा पाऊण तास होतो. दुसऱ्या खेपेला आमचा असाच वेळ गेला, वर "शुद्ध रेशीम" म्हणून घेतलेली ओढणी दोन धुण्यांत बोळा झाली. निघण्याआधी स्पष्ट सांगा: दुकान नाही. खरेदी संध्याकाळी शहरात, स्वतः जाऊन.

दुसरं, दौलताबादच्या पुढे रस्ता एका जुन्या दगडी दरवाजातून जातो. तो अरुंद आहे. सकाळी नऊनंतर समोरून ट्रक आला की दोन्हीकडे रांग लागते. सकाळी लवकर निघायचं हे आणखी एक कारण.

५. पिशवीत काय हवं

कागदपत्रं:
- प्रत्येकाचं ओळखपत्र. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. तुमचा चौदा वर्षांचा मुलगा बापाएवढा उंच असेल तर त्याचं आधार कार्डही घ्या.
- परदेशातून आलेले नातेवाईक सोबत असतील तर त्यांचं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते), मूळ. भारतीयांना वेरूळचं तिकीट ४० रुपये, परदेशी पर्यटकांना ६०० रुपये. ओसीआय असेल तर भारतीय दर लागतो, पण कार्ड न्यू जर्सीच्या कपाटात ठेवून आलेल्या भाच्यासाठी खिडकीवर वाद घालण्यात अर्थ नाही.
- ऑनलाइन तिकिटं रात्रीच काढा आणि क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट ठेवा. डोंगराच्या कुशीत नेटवर्क रुसतं आणि फाटकाशी उभं राहून ओटीपीची वाट बघणं हा वेगळाच उपवास आहे. देवगिरीचं तिकीट वेगळं, वेरूळचं वेगळं.

बाकी:
- पाणी, माणशी दोन बाटल्या. गडावर वर काही मिळत नाही.
- टॉर्च. मोबाइलचा नको, हातात धरायचा. का ते पुढे येतं.
- चप्पल नको, पकड असलेले पण पटकन काढता येणारे बूट. मोजे घालाच, देवळाच्या फरशीवर दुपारी पाय पोळतात.
- टोपी, एक ओढणी किंवा मोठा रुमाल. दर्ग्यात डोकं झाकायला तोच चालतो.
- गूळ-शेंगदाणे. वेफर्सची पाकिटं नकोत. पाकिटाचा आवाज वानरांना अर्ध्या मैलावरून ऐकू येतो. आमच्या धाकट्याच्या हातातलं पाकीट एका वानराने इतक्या शिस्तीत काढून घेतलं की पोरगं रडायचंसुद्धा विसरलं.
- अत्तर-सेंट लावू नका. कड्यांवर आग्यामोहोळं असतात.

ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, ड्रोन तर चालतच नाही. सोबत न्यायचेच नाहीत.

६. सकाळी सातला: देवगिरी

शहरातून साडेसहाला निघा. सातपर्यंत गडाच्या महाकोट दरवाजाशी उभे असाल. दारावरचे लोखंडी खिळे बघा, हत्तीच्या धडकेसाठी होते. गाइडला इथेच सांगून टाका की सोबत कोण आहे आणि कुणाला कुठपर्यंत चढता येईल. गडाचे तसे दोन भाग आहेत: खालचा सपाट आणि वरचा चढाचा. म्हाताऱ्या माणसांना खालचा भागच पुष्कळ.

खालच्या भागात चांदमिनार, ६० मीटरहून उंच, बहमनी काळातला, १४४५ च्या सुमाराचा. समोर भारतमाता मंदिर. ही इमारत १३१८ मध्ये मशीद म्हणून उभी राहिली, तिचे खांब बघितले तर ते त्याहून जुन्या देवळांचे आहेत हे लगेच कळतं. मधलं अंगण विस्तीर्ण आहे आणि सकाळी तिथे छान सावली असते. आई तिथे बसली आणि आम्ही येईपर्यंत तिने गडाच्या झाडूवाल्या मावशींची सगळी वंशावळ काढली होती.

आता गडाचा इतिहास. पुस्तकात सगळं आहे, पण तो गडावरच ऐकायचा, म्हणून थोडक्यात. ही यादवांची राजधानी. रामदेवराय यादव राज्य करत असताना १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला. गडाला वेढा पडला आणि धान्याची म्हणून घाईघाईत वर चढवलेली पोती उघडली तर आत मीठ निघालं, असं सांगतात. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणली, नाव दौलताबाद ठेवलं, आणि पुढे ती परत नेली. हे शाळेत शिकलेलं. शाळेत न शिकवलेलं असं की याच गडाचे किल्लेदार जनार्दनस्वामी होते, आणि पैठणहून निघालेला लहानगा एकनाथ गुरूच्या शोधात इथेच येऊन पोहोचला. नाथांचे अभंग ज्यांनी लहानपणी घरात ऐकलेत, त्यांना हा गड वेगळाच दिसतो. स्वामींचं स्थान वर गडावर आहे.

चढाला लागलात की चिनी महाल लागतो. निळ्या फरशांचे तुकडे अजून भिंतीवर चिकटलेले आहेत. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा तानाशाह इथे कैदेत होता. त्याच्या पुढे मेंढा तोफ. तोफेच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं तोंड आहे, मुलांना ते शोधू द्या.

मग खंदक. इथे थांबा आणि वर बघा. डोंगराचा खालचा सगळा भाग तासून उभा केलाय, भिंतीसारखा. हात लावा. छिन्नीच्या खुणा आहेत. पाल चढेल, माणूस नाही. त्या काळी खंदक ओलांडायला एकच अरुंद पूल, आणि पलीकडे शिरायला एकच वाट, तीही डोंगराच्या पोटातून. ही ती अंधारी.

टॉर्च म्हणत होते तो इथे. अंधारी म्हणजे कातळातलं वळणावळणाचं भुयार. पायऱ्या लहान-मोठ्या मुद्दाम केलेल्या, शत्रू अडखळावा म्हणून. पूर्वी गाइड टेंभे पेटवून नेत. आमच्या काकांनी एका वळणावर सगळ्यांना टॉर्च बंद करायला लावले. स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नव्हता. वाघळांचा उग्र वास, वरून पंखांची फडफड, आणि काकांचा आवाज: "आता समजा तुम्ही शत्रूचे सैनिक आहात. उजेड दिसला की पळणार ना तिकडे? तो उजेड खंदकात पडायच्या भोकाचा आहे." भुयाराच्या वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण टाकून त्यावर जाळ करायची सोय होती, म्हणजे आत अडकलेल्यांवर धूर. मोठी मुलगी त्यानंतर दहा मिनिटं काही बोलली नाही, हा आमच्या घरातला विक्रम आहे.

दम्याचा त्रास असलेल्यांनी, बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी अंधारी टाळावी. गाइडला विचारा, बाहेरून पायऱ्यांची वाट आहे. त्यापुढे गणपतीचं छोटं देऊळ, मग बारादरी. बारादरीच्या खिडकीतून खालची सगळी दरी, तटांची वेटोळी आणि दूरवरचा रस्ता दिसतो. बहुतेकांनी इथूनच परत फिरलं तरी चालेल. माथ्यावर एक तोफ आणि वारा आहे. सगळा चढ मिळून साडेसातशेच्या आसपास पायऱ्या होतात; दहाच्या आत खाली यायचं असेल तर बारादरीत फोटोंचा संसार मांडू नका.

खाली गडाच्या दाराशी हंगामात सीताफळं आणि पेरू. दौलताबादची सीताफळं घ्याच. घासाघीस करा, पण टोपली घेऊन बसलेल्या आजीशी पाच रुपयांसाठी नको.

७. खुलताबाद: अर्धा तास, शांतपणे

दौलताबादहून घाट चढला की खुलताबाद. इथे सुफी संतांचे दर्गे आहेत आणि त्यातल्याच एका दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची कबर. तो १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मेला, पुरला इथे. कबर साधी, वर माती आणि तुळशीसारखं रोप. संगमरवरी जाळी नंतरची. ज्या माणसाने सबंध दख्खन हलवून सोडली त्याच्या कबरीवर छप्पर नाही, हे बघून काय वाटतं ते ज्याने त्याने ठरवावं. बंदोबस्त असेल, ओळखपत्र मागतील, दाखवा. इथे घोषणा, वाद, रील असलं काही करू नका. पोलीस तर आहेतच, पण तिथे लोक प्रार्थनेलाही येतात.

भद्रा मारुती जवळच. मारुती निजलेला आहे, अशी मूर्ती क्वचितच दिसते. शनिवार नसेल तर दहा मिनिटांत दर्शन. वेळ असेल तर मलिक अंबरची कबर बघा. निजामशाहीचा हा वजीर १६२६ मध्ये गेला. संभाजीनगर शहर मुळात खडकी म्हणून त्यानेच वसवलं आणि शहराला पाणी आणणारी नहरही त्याचीच. तिथे सहसा कुणी जात नाही. आम्ही गेलो तेव्हा आम्ही आणि एक शेळी.

म्हैसमाळचा फाटाही इथेच. तिथली दरी पावसाळ्यात सुरेख दिसते, पण ती या दिवसात कोंबू नका. आम्ही कोंबली होती. धुक्यात पाच फुटांवरचं दिसत नव्हतं आणि लेण्यांतला एक तास गेला.

८. घृष्णेश्वर आणि जेवण

साडेअकरा-बाराला वेरूळ गावात. आधी घृष्णेश्वर, मग जेवण. आत्ताचं लाल दगडाचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी १८ व्या शतकात बांधून घेतलेलं. मोबाइल आत नेऊ देत नाहीत, बाहेर ठेवायची सोय बघा किंवा गाडीतच ठेवा. गाभाऱ्यात पुरुषांना अंगातला सदरा काढावा लागतो. हे ऐनवेळी कळल्यावर माझ्या नवऱ्याला आतला बनियन फाटका असल्याचं आठवलं. आधी सांगून ठेवते.

वेरूळ हे भोसल्यांचं गाव, शिवरायांचे आजोबा मालोजीराजे इथले पाटील. गढीचे अवशेष आहेत. गाइडला सांगितलंत तर दाखवतील, एरवी गाडी पुढे जाते.

जेवायला लेण्यांच्या फाट्यावर पिठलं-भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी देणारी घरगुती ठिकाणं आहेत. थाळीचा भाव आधी विचारा. पोट तुडुंब भरू नका, पुढे पायऱ्या आहेत. नान-खलिया खायचा असेल तर तो रात्री शहरात.

९. दीड वाजल्यापासून: लेणी

३४ लेणी आहेत: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. ही सगळी एका दिवसात बघता येतात, असं सांगणारा माणूस चालत नसून धावत असतो. माझा हिशेब चार-पाच लेण्यांचा, आणि क्रम असा.

*आधी जैन लेणी, ३२ नंबर.* ती कैलासापासून बरीच लांब, दीडेक किलोमीटरवर आहेत. आवारात बस असते, तिने जा. शेवटी ठेवलीत तर बस मिळत नाही आणि फाटक बंद व्हायची वेळ येते. ३२ म्हणजे इंद्रसभा. वरच्या मजल्यावर जा आणि छताकडे बघा, रंगाचे पट्टे अजून शिल्लक आहेत. इथली कोरीव कामं इतकी बारीक आहेत की कैलासाआधी बघितलेली बरी. नंतर बघितली तर डोळे थकलेले असतात.

*मग १० नंबर.* लोक याला सुतार की झोपडी म्हणतात. का, ते आत गेल्यावर मान वर केलीत की कळतं. लाकडी घराच्या वाशांसारख्या कमानी सबंध छतभर, आणि सगळ्या दगडाच्या. समोर स्तूप, त्याच्या पुढ्यात बसलेले बुद्ध. गाइडला हळू आवाजात एखादी ओळ म्हणायला सांगा. आमच्या काकांनी "बुद्धं सरणं" म्हटलं तर तो सूर कमानींमधून फिरून परत आला. मोठ्याने ओरडून बघू नका, दुसरेही लोक असतात. पश्चिमेच्या उन्हाची तिरीप दुपारनंतर सज्जाच्या गवाक्षातून आत येते, त्यासाठीच हा क्रम.

*१२ नंबर,* तीन ताल. बाहेरून एखादी सरकारी चाळ वाटते. तिसऱ्या मजल्यावर जा, बुद्धांच्या रांगा आहेत आणि माणसं फार कमी. पायऱ्या उंच आहेत, आईला खालीच ठेवा.

१५ नंबरला वेळ असला तर. त्याच्या अंगणातल्या मंडपावर राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा लेख आहे.

*चार वाजता १६ नंबर, कैलास.* आता इथून हलायचं नाही.

पण सरळ दारातून शिरू नका. आधी उजव्या हाताच्या वाटेने डोंगरावर चढा आणि वरून बघा. कठडा आहे, तरी मुलांचा हात सोडू नका. सेल्फीसाठी कड्याकडे पाठ करणाऱ्यांना गाइड ओरडतात ते उगाच नाही. वरून बघितल्याशिवाय ही गोष्ट डोक्यात शिरत नाही: हे देऊळ बांधलेलं नाही. डोंगर आधी होता. त्याला तीन बाजूंनी खंदक खणून मधला खडक सुटा केला आणि वरून खाली कोरत आणला. कळस आधी, जोतं शेवटी. चुकलं तर दगड पुन्हा चिकटवायची सोय नाही. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात हे काम उभं राहिलं. उभं राहिलं म्हणायचं तेही चूकच, खाली उतरलं.

मग खाली या. दारात गजलक्ष्मी, तिच्यावर दोन्ही बाजूंनी हत्ती पाणी घालताहेत. अंगणात दोन दगडी हत्ती आणि दोन उंच ध्वजस्तंभ. देवळाच्या जोत्याला हत्तींची रांग, जणू सगळं देऊळ त्यांनी पाठीवर घेतलंय. भिंतीवर एका बाजूला रामायण, एका बाजूला महाभारत, चित्रकथेसारखं पट्ट्यापट्ट्यांत. मुलांना पट्टे ओळखायला लावा, आमचा अर्धा तास त्यात गेला.

आणि दक्षिणेच्या बाजूला, जरा खाली, रावण. कैलास पर्वत उचलायला बघतोय. दहा तोंडं, वीस हात, पाठ सगळी ताणलेली. वर शंकर निवांत बसलाय, पार्वतीने घाबरून त्याचा दंड धरलाय. इथपर्यंत सगळे बघतात. आमच्या काकांनी टॉर्चचा झोत जरा बाजूला नेला. तिथे एक दासी आहे. ती पळतेय. पाठ आपल्याकडे, पाऊल उचललेलं. देव, राक्षस, पर्वत यांच्या गडबडीत एक घरकाम करणारी बाई जीव घेऊन पळाली, ही गोष्ट हजार-बाराशे वर्षांपूर्वी कुणाला तरी सुचली. आधीच्या खेपेला मला ती दिसली नव्हती.

गाइडला साडेपाचनंतर मोकळं करा आणि उरलेला वेळ अंगणात नुसते बसा. पैसे ठरल्याप्रमाणे द्या. काम आवडलं असेल तर वर थोडे द्या, पण आपल्या मनाने. कुणी हट्ट धरला तर नाही म्हणायला हरकत नाही.

१०. परतताना

बीबी का मकबरा आणि पाणचक्की हे दोन्ही शहरातच आहेत. "परतताना उरकून घेऊ" असं ड्रायव्हर म्हणेल. नका उरकू. दुसऱ्या दिवशी सकाळी मकबऱ्यात जा, औरंगजेबाची बेगम दिलरस बानूची कबर, १६६० च्या सुमाराची. सकाळच्या उन्हात ती बरी दिसते आणि पाय ताजे असतात.

आम्ही संध्याकाळी साडेसातला हॉटेलवर पोहोचलो. आईने बूट काढले, पाय गरम पाण्यात घातले आणि विचारलं, "त्या पळणाऱ्या बाईचा फोटो काढलास का?" काढला नव्हता. टॉर्च धरणाऱ्या काकांचा काढला होता.